जकातसाहेबाच्या मड्डमेची कबर

वहीवाल्यांचं खरं नाव गावात आता कुणाला आठवत नव्हतं, आणि गंमत म्हणजे गावातल्या जवळजवळ प्रत्येकाचं पूर्ण नाव वहीवाल्यांना पाठ होतं. बायको त्यांना 'अहो' म्हणायची, फादर 'ऐकलं का' म्हणायचे, बाकी झाडून सगळे वहीवाले. चर्चच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली, तिच्यात दोन लोखंडी कपाटं, आणि कपाटांत बाप्तिस्म्याच्या, लग्नांच्या आणि दफनांच्या वह्या, थेट गोऱ्यांचं राज्य आलं तेव्हापासूनच्या. राज्य गेलं, गोरे गेले, वह्या राहिल्या. त्यांना वाळवी लागू नये, पानं दमट हवेने चिकटू नयेत, आणि दाखला मागायला आलेल्याला हात हलवत परत जावं लागू नये, एवढंच वहीवाल्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांच्या सदऱ्याला कायम डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. बायको म्हणायची, तुम्हाला काही कसर लागायची नाही.

गोऱ्यांच्या नातवंडांचं एक असतं. तरुणपणी त्यांना पूर्वजांशी काही देणंघेणं नसतं. साठी उलटली, गुडघे बोलायला लागले, की एकदम खापरपणजोबा आठवतो. मग दूरदेशाहून पत्र येतं, की आमचे अमुक तुमच्या गावी अमुक खात्यात होते, त्यांचं लग्न तिथेच झालं असावं, कृपया बघाल का. कृपया म्हटलं की वहीवाले विरघळलेच. चष्मा पुसून कपाट उघडायचे आणि मग जेवायला हाक मारली तरी ऐकू यायची नाही.

नावांवर ते फारसे विसंबत नसत. जुन्या काळातले एक फादर ठार बहिरे होते आणि कानावर पडेल तसं आडनाव लिहायचे. एकाच घरातली सख्खी भावंडं त्यांच्या वहीत तीन आडनावांची होऊन बसली होती. दुसऱ्या फादरांचं अक्षर त्यांचं त्यांना तरी लागत होतं की नाही, देव जाणे. म्हणून वहीवाले साक्षीदार धरायचे. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या बाजूने कुणालातरी उभं राहावं लागतं, आणि बहुतेक घरांत शेजारचं एकच जोडपं सगळ्या पोरांना उभं राहतं. आडनाव काहीही असो, साक्षीदार तेच म्हणजे घर तेच. मग पालिकेच्या जन्ममृत्यू खात्यात जायचं, तिथल्या कारकुनाच्या नाकदुऱ्या काढायच्या, तारखा ताडून बघायच्या, आणि हळूहळू एक अख्खं घराणं कागदावर उभं राहायचं.

दुसरी खूण म्हणजे खंड. दर दोन वर्षांनी पाळणा हलणाऱ्या घरात मधेच चार-पाच वर्षं काहीच नाही, आणि नवरा तर गावातच आहे, इतरांच्या लग्नांत सह्या ठोकतो आहे, तर समजावं की मधे कुणीतरी येऊन गेलं. बाप्तिस्म्याआधीच गेलं. ज्याच्या कपाळावर पाणी पडलं नाही त्याला नाव नाही, आणि ज्याला नाव नाही त्याला प्रार्थना नाही, दगड नाही, दफनाच्या वहीत ओळ नाही. त्या काळचा नियमच तसा होता. काळ बदलला तरी नियम बरीच वर्षं ठाण मांडून राहिला.

इतका, की तो वहीवाल्यांच्या घरातही शिरला. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी त्यांना पहिली मुलगी झाली आणि अर्ध्या तासात गेली. फादर परगावी होते. आता खरं म्हणजे अडीनडीला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, नर्सने दिला तरी चालतो. घोटभर पाणी आणि दोन वाक्यं लागतात. हे गावात वहीवाल्यांइतकं कुणालाच पाठ नव्हतं. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या त्या माणसाला त्या अर्ध्या तासात ते आठवलं नाही. कसं आठवावं हो? बापाचं डोकं त्या वेळी ठिकाणावर असतं का? पण हे दुसऱ्याने सांगून काय उपयोग. त्यांनी कापडात गुंडाळलेलं गाठोडं कबरी खणणाऱ्या फावडेमामाच्या हातात दिलं, आणि मामाने ते कुठे ठेवलं हे बघायला त्यांचे पाय पुढे गेले नाहीत. बायकोने शुद्धीवर आल्यावर विचारलं, कुठे ठेवलं? ते म्हणाले, दफनभूमीच्या भिंतीजवळ. ती कितीतरी वर्षं त्या लांबच लांब भिंतीशी जाऊन उभी राहायची, दर वेळी वेगळ्या जागी. फावडेमामा वारला तसं विचारायलाही कुणी उरलं नाही.

पुढे मुलगा झाला, मोठा झाला, नोकरीसाठी परगावी गेला. बायको शिवणाचं मशीन चालवत राहिली. यंदा मात्र तिचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टरांनी मशीन बंद करायला सांगितलं, जिना चढू नका म्हणाले. दवाखान्यातून परत येताना रिक्षात ती म्हणाली, "अहो, मला एक सांगायचंय. माझी वेळ आली की मला तिच्या शेजारी ठेवा. दुसरं काही मागणं नाही." वहीवाले बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार? सगळ्या जगाची माणसं शोधून देणारा हा गृहस्थ, त्याला पोटच्या पोरीची जागा माहीत नव्हती.

नेमकी तेव्हाच ती पाहुणी आली. सत्तरीची, उंच, पांढऱ्या केसांचा बारीक अंबाडा. तरुणपणी ती आपल्याकडच्या मोठ्या शहरात शाळेत शिकवायला होती, त्यामुळे भाषा येत होती, फक्त लिंगाच्या बाबतीत तिने हात टेकले होते. आल्या आल्या तिने विचारलं, "माझा पणजी कुठे आहे?" वहीवाले जरा बुचकळ्यात पडले, मग हसले. पणजी म्हणजे जकातसाहेबाची मड्डम. साहेब बंदरावर जकात वसूल करायचा, मड्डम इथेच तापाने गेली, साहेब पोरांना घेऊन बोटीत बसला तो परत आला नाही.

वहीवाल्यांनी महिनाभर खपून ते घराणं उभं केलं. बहिऱ्या फादरांनी जकातसाहेबाच्या आडनावाची केलेली दोन्ही रूपं, लग्न, चार बाप्तिस्मे, चारही वेळा साक्षीदार तोच औषधवाला आणि त्याची बायको. पाहुणीने एक मोठा कागद गुंडाळी करून आणला होता. तो टेबलावर पसरून ती एकेक नाव भरायची आणि तिचे डोळे भरून यायचे. तिसऱ्या आणि चौथ्या मुलामधे पाच वर्षांचा खंड होता. वहीवाले स्वभावानुसार बोलून गेले, "बाई, इथे एक मूल असावं."

पाहुणीने पेन खाली ठेवलं. "माझी आजी चौथी," ती म्हणाली. "ती सांगायची, पपा मुलांना मोजायचे तेव्हा नेहमी पाच मोजायचे. मग थांबायचे, आणि परत चार मोजायचे." ती बराच वेळ त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून बसली. वहीवाल्यांनी उगाच शाईची बाटली इकडची तिकडे केली.

मड्डमेची कबर दफनभूमीच्या जुन्या भागात होती. भोवती कमरेएवढा दगडी कठडा, त्यावर लोखंडी गज, मधे खचलेली फरशी. पाहुणीने ती दुरुस्त करायचं ठरवलं. गवंड्याने कठड्याच्या आत पाया धरायला खणायला घेतलं, आणि दुपारी तो घाम पुसत फादरांकडे आला. फरशीच्या कडेने, ओळीने, हाताच्या वितीएवढ्या खोलीवर बारीक हाडं निघाली होती. पाच ठिकाणी. प्रत्येकाच्या डोक्याशी एक वीट. फादरांनी, माणूस साधा, सांगितलं की सगळं नीट एका पेटीत भरून ठेव, पुन्हा तिथेच पुरू. गवंड्याने सांगितलं तसं केलं. त्यात त्याचा काय दोष.

पाहुणी ऐकून भिंतीला टेकली. "पाच," ती म्हणाली. "पणजीचे पाच गेले. आम्हाला एकच माहीत होता." ती रडली, पण तिच्या रडण्यात सुख होतं, हे वहीवाल्यांना स्पष्ट दिसलं. हरवलेलं माणूस सापडल्यावर माणसं तशीच रडतात. संध्याकाळपर्यंत तिच्या कागदावर मड्डमेच्या नावाखाली पेन्सिलीने पाच लहान वर्तुळं निघाली होती. नव्या पाटीवर मड्डमेच्या नावाखाली 'आणि तिची पाच बाळं' असं कोरायचं ठरलं. फक्त एक कागद हवा होता. चर्चतर्फे वहीवाल्यांनी सहीनिशी लिहून द्यायचं, की जन्मांचे खंड आणि जागा पाहता ही बाळं याच घराण्यातली आहेत.

"द्या लिहून," फादर म्हणाले. "कुणाचं काही बिघडत नाही, आणि बाईंच्या मनाला शांती."

वहीवाले लिहून देणारच होते. जाता जाता जागा बघावी म्हणून ते कठड्याशी गेले. गवंड्याने त्या पाच विटा काढून बाजूला रचल्या होत्या. त्यांनी सहज एक उचलली, माती झटकली, आणि ती चष्म्याजवळ धरली. विटेवर भट्टीचा शिक्का होता. ती भट्टी गोऱ्यांच्या राज्यात नव्हतीच. चर्चचं नवं सभागृह बांधलं तेव्हा त्या भट्टीच्या विटा गाड्या भरभरून आल्या होत्या, आणि उरलेल्या कितीतरी वर्षं फावडेमामाच्या खोपटामागे पडून होत्या. तीन विटांवर शिक्का साफ दिसत होता. दोन विटा झिजलेल्या, जुन्या की नव्या काही कळायला मार्ग नाही.

फावडेमामाची मुलगी बाजारामागच्या गल्लीत इस्त्रीचं दुकान चालवायची. वहीवाले तिच्या दारात जाऊन उभे राहिले. तिने इस्त्री बाजूला उभी केली आणि स्टूल पुढे सरकवलं.

"काका, एवढे घामाघूम का झालात?"

"एक विचारायचंय पोरी. तुझे बाबा ती बाप्तिस्मा न झालेली बाळं कुठे ठेवायचे?"

ती जरा वेळ शर्टाच्या कॉलरवरून हात फिरवत राहिली. "बाबांनी कुणाला सांगू नको म्हटलं होतं. आता कोण जाब विचारणार म्हणा. भिंतीजवळ ठेवायचा हुकूम होता ना. पण तिथली माती उथळ, कुत्री उकरायची. बाबांनी एकदा बघितलं, आणि दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून ते मड्डमेच्या कठड्यात ठेवायचे. गज आहेत, कुत्री येत नाहीत. म्हणायचे, बाई एकटीच आहे तिथे, पोरं सांभाळेल."

वहीवाले स्टुलावरून उठले आणि पुन्हा बसले. तिने न विचारता पाण्याचा पेला हातात दिला.

त्यांना घरी जायला रोजच्यापेक्षा बराच वेळ लागला. वाटेत डोक्यात एकच चाललं होतं. सही केली तर पोरगी एका कागदावर येणार होती, पाटीवर येणार होती, दूरदेशी कुणाच्या तरी भिंतीवर चौकटीत लागणार होती. जन्मात पहिल्यांदा तिची नोंद होणार होती. फक्त दुसऱ्या बाईची मुलगी म्हणून. सही नाही केली, तर पुन्हा कुठेच नाही. आयुष्यात त्यांनी एक खोटी ओळ लिहिली नव्हती, आणि आता लिहावीशी वाटत होती, ही खरी पंचाईत होती. बायकोला सांगूच नये, असंही मनात आलं. पण रिक्षातलं तिचं बोलणं आठवलं आणि ते मुकाट्याने जिना चढले.

बायको बंद मशीनपाशी बसून काजं करत होती. डॉक्टरांनी मशीन बंद केलं होतं, सुई नाही, असा तिचा हिशोब. वहीवाल्यांनी चप्पल काढता काढता सगळं सांगितलं, विटांपासून कुत्र्यांपर्यंत. शेवटी म्हणाले, "म्हणजे ते बहुतेक तिथेच होतं. त्या पाचांत."

"ते नाही," बायको म्हणाली. "ती."

इतकी वर्षं वहीवाले 'ते' म्हणत आले होते. ते बाळ, ते मूल, ते गेलं. वह्यांमधे तसंच असायचं. बायको कधी काही बोलली नव्हती, आणि आज बोलली तेव्हा त्यांना कळलं की दर वेळी तिला ते लागत होतं.

"गवंड्याने सगळं एका पेटीत भरलंय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आता कोण कुठलं, सांगता येणार नाही."

बायकोची सुई थांबली. तिने कापड मांडीवर ठेवलं, दोन्ही हातांनी सपाट केलं, आणि ती रडली. आवाज न करता, खूप वेळ. वहीवाले शेजारी जाऊन बसले. हात धरावा की नाही हे त्यांना कळेना, मग धरला. त्यांना वाटलं होतं, जागा सापडल्यावर तिला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. नुसती जागा सापडून काय होतं?

दुसऱ्या दिवशी ती स्वतः निघाली. जिना उतरू नको, धाप लागेल, सगळं सांगून झालं. ती म्हणाली, "तुम्ही त्या वेळी गेला नाहीत, आता मला तरी जाऊ द्या." वहीवाल्यांनी रिक्षा बोलावली.

पाहुणी आणि फादर कठड्यापाशीच होते. नवी पाटी आणून टेकवून ठेवली होती, अजून कोरी. शेजारी ती पेटी, पांढरं कापड टाकलेली. बायको आधी पेटीशी गेली, वाकली, कापडावर हात ठेवला, आणि मग पाहुणीकडे वळली. काही आडपडदा न ठेवता तिने सांगितलं. भिंत, कुत्री, फावडेमामा, विटा. वहीवाल्यांनी शिक्का दाखवला. पाहुणीला सगळे शब्द समजले नसावेत, पण तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिने हातातल्या गुंडाळीकडे पाहिलं. वहीवाल्यांना तिची मनापासून कीव आली. एक मूल असावं, हे तेच बोलले होते.

"म्हणजे आमचा कोणी नाही," पाहुणी म्हणाली.

"दोन विटा कळत नाहीत," बायको म्हणाली. "त्यातलं एखादं तुमचंही असेल. तुमच्या पणजीने आमची पोरं सांभाळली, तर तुमचं नाही असं मी कशाला म्हणू? पण पाचही तिची, असं लिहू नका. त्यातली एक माझी आहे. ती मी कुणाला देणार नाही."

फादर काहीतरी नियमाचं पुटपुटायला लागले आणि गप्प बसले. चांगलं केलं त्यांनी. पाहुणी कठड्याच्या दगडावर बसली, कागदाची गुंडाळी तिने मांडीवर आडवी धरली. मग तिने विचारलं, "तुम्हाला काय हवं?"

"कठड्याच्या आत अजून एका माणसापुरती जागा आहे," बायको म्हणाली. "ती मला द्या. मला फार दिवस नाहीत."

वहीवाल्यांनी मान दुसरीकडे फिरवली. पाहुणी उठली, बायकोजवळ आली, आणि "ती जागा तुमची," म्हणाली. या खेपेला तिने लिंग चुकवलं नाही, पण कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. मग ती पाटीकडे बघून म्हणाली, "वर पणजीचं नाव. खाली तुमच्या मुलीचं नाव लिहू. बाकी चार, त्यांचेही कुणी येतील. जागा ठेवू."

"तिला नाव नाही बाई," वहीवाले म्हणाले. इतक्या वर्षांची सवय, शब्द आपोआप बाहेर आले. "बाप्तिस्मा झालेला नाही."

"आहे," बायको म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. तिला धाप लागली होती. तिने कठड्याचा गज धरला आणि नाव सांगितलं. साधं, लहान नाव. वहीवाल्यांनी हजारो नावं लिहिली होती, पण आपल्या मुलीचं ते आज ऐकत होते. कधी ठेवलं, कुठे ठेवलं, आपल्याला का सांगितलं नाही, यातलं काहीच त्यांना विचारता येईना. त्यांनी खिशातून पेन काढलं, पाकिटाची मागची बाजू शोधली.

"पहिली वेलांटी की दुसरी?" त्यांनी विचारलं.

बायको त्या कोऱ्या पाटीकडे बघत राहिली.

"मला काय ठाऊक," ती म्हणाली. "मी ते कधी लिहिलंच नाही."